बग्गीच्या सांगाड्यासाठी स्टीलची नळी कशी निवडावी

दुकानात जाऊन ‘सगळ्यात मजबूत पाईप द्या’ म्हटलं की दुकानदार सगळ्यात जाड पाईप काढून देतो. त्याची त्यात चूक नसते. प्रश्नच अपुरा असतो. गाडीच्या सांगाड्यातली प्रत्येक नळी वेगळं काम करते. कुठली दाबली जाते, कुठली ताणली जाते, कुठली वाकते, तर एखादी गाडी उलटल्यावर चालकाचं डोकं वाचवते. ते काम आधी ठरवलं तर नळी निवडणं सोपं होतं, आणि ते न ठरवता केलेली खरेदी बहुतेक वेळा वजन आणि पैसे दोन्ही वाया घालवते.

या लेखात मी एकच उदाहरण धरून चालतो: एका माणसाची, कच्च्या रस्त्यावर पळणारी बग्गी. पीथमपूरच्या बाजा स्पर्धेसाठी इंजिनिअरिंग कॉलेजांचे गट बनवतात तशी. शेतात किंवा माळरानावर चालवायची गाडी बनवणाऱ्यालाही याच पायऱ्या लागू पडतात.

पण आधी कायद्याचं बोलू. असा घरी बांधलेला सांगाडा सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. नव्या बनावटीच्या गाडीला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून मंजुरी लागते. जुन्या नोंदणीकृत गाडीची चॅसिस कापून बदलायची म्हटलं तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे इथे जे सांगतो आहे ते स्पर्धेच्या मैदानासाठी आणि खासगी जमिनीसाठी आहे.

पहिली पायरी: नळी नंतर, त्रिकोण आधी

कागदावर किंवा संगणकावर सांगाड्याच्या रेषा काढा आणि प्रत्येक चौकोनाकडे बघा. चौकोन कोपऱ्यांत हलतो, त्रिकोण हलत नाही. चौकोनात एक तिरकी नळी टाकली की तीच जाडी कितीतरी जास्त भार पेलते, कारण नळ्या वाकण्याऐवजी फक्त ताणल्या आणि दाबल्या जातात. १९५४ च्या मर्सिडीझ ३०० एसएलला पंखासारखी वर उघडणारी दारं आली ती याच हट्टातून. बारीक नळ्यांचा त्रिकोणी सांगाडा दाराच्या उंबऱ्याशी इतका उंच होता की नेहमीचं दार बसवायला जागा उरली नाही.

मग नळीची मोकळी लांबी बघा. दाबाखाली सरळ नळी किती भारावर बाक घेईल हे लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलतं. २५ मि.मी. व्यासाची, ३ मि.मी. जाडीची, दोन्ही टोकांना बिजागरीसारखी धरलेली १ मीटर नळी गणिताने साधारण २६ किलोन्यूटन, म्हणजे अडीच टनांच्या पुढे जाते. तीच २ मीटर लांब घेतली की साडेसहा किलोन्यूटनवर येते. म्हणजे मध्ये एक आधार दिल्याने जे मिळतं ते महागडी ग्रेड घेऊन मिळत नाही. मी मार्गदर्शन करतो त्या मुलांना हे गणित हाताने करायला लावतो, कारण एकदा ते स्वतः केलं की ‘जाड पाईप लावू’ हा विचार आपोआप मागे पडतो.

स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर आणि सस्पेन्शनचे हात जिथे जोडले जातात ते बिंदू सांध्यावरच किंवा सांध्याच्या अगदी जवळ आणा. नळीच्या मधोमध ब्रॅकेट लावलं की ती नळी तुळई होते आणि तिचं काम पूर्ण बदलतं.

दुसरी पायरी: गोल की चौकोनी

चालकाभोवतीचा पिंजरा गोल नळीचाच. गोल नळी कुठल्याही दिशेच्या धक्क्याला सारखी उत्तर देते, नीट वाकते, आणि स्पर्धेचे नियमही गोलच मागतात.

खालच्या सांगाड्यात चौकोनी नळीला जागा आहे. तिला सरळ किंवा तिरकं कापलं की सांधा बसतो, पत्रा आणि सीट थेट सपाट बाजूवर बसवता येतात. आयताकृती नळी मात्र उभी वापरा. १०० × ५० × ३ ची नळी उभी ठेवली तर आडवीच्या तिप्पट ताठ असते, वजन तेच. आणि उघडा चॅनेल टाळा. याच मापाचा, याच जाडीचा सी चॅनेल पिळाला बंद नळीच्या तुलनेत शेकडो पटींनी ढिला असतो. कच्च्या रस्त्यावर एक चाक खड्ड्यात गेलं की सांगाड्यावर पहिला येतो तो पीळच.

तिसरी पायरी: पाईप आणि ट्यूब यांतला फरक

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. नळकामाचा पाईप आयएस १२३९ या मानकाचा असतो आणि त्याचं माप आतल्या नाममात्र बोअरचं असतं. दुकानदाराचा ‘एक इंची पाईप’ बाहेरून मोजला तर ३३.७ मि.मी.च्या आसपास भरतो. ए, बी, सी क्लास म्हणजे हलका, मध्यम, जड. पिवळा, निळा, लाल पट्टा. हा पाईप पाणी वाहून नेण्यासाठी आहे. त्याच्या रसायनाची आणि ताकदीची जी खात्री पिंजऱ्याला हवी ती त्यात नाही.

ट्यूबचं माप नेहमी बाहेरच्या व्यासाचं आणि भिंतीच्या जाडीचं. मागताना म्हणा: ‘बाहेरून २५.४, जाडी ३.’ गेजमध्ये, म्हणजे जाडीच्या क्रमांकात, मागू नका. आपल्याकडे बहुधा एसडब्ल्यूजी ही ब्रिटिश पद्धत चालते. त्यात १८ गेज म्हणजे १.२२ मि.मी., १६ म्हणजे १.६३, १४ म्हणजे २.०३, १२ म्हणजे २.६४. पण दुसऱ्या पद्धतीत १६ गेज १.६५ होतो आणि प्रत्यक्षात हातात येणारी नळी त्याहून कमीही भरते.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाईप सांगाड्यात अजिबात नको. वेल्डिंगच्या धुराने वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो आणि जस्ताच्या वाफेने सांध्यात बुडबुडे राहतात. फर्निचरचा चकचकीत सीआर पाईपही नको. तो पातळ असतो आणि बैठकीच्या खुर्चीसाठी बनलेला असतो.

चौथी पायरी: नळी कशी बनली आहे

पट्टी गोल वळवून विजेच्या रोधाने कडा जोडल्या की ईआरडब्ल्यू. तिच्या आतून हात फिरवला किंवा टॉर्च मारला तर शिवण दिसते. हीच नळी साच्यातून आणि आतल्या मँड्रेलवरून थंड अवस्थेत ओढली की सीईडब्ल्यू किंवा सीडीडब्ल्यू. अमेरिकेत तिलाच डीओएम म्हणतात. ओढल्याने जाडी एकसारखी होते, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, ताकद वाढते आणि शिवण डोळ्यांना जवळजवळ दिसेनाशी होते. तिसरी सीमलेस, भरीव गोल दांड्याला भोक पाडून बनवलेली, तिला शिवण नसतेच. तीही थंड ओढलेली असेल तर सीडीएस.

वाहनांच्या नळ्यांसाठी आपलं मानक आयएस ३०७४, सर्वसाधारण यंत्रकामासाठी आयएस ३६०१, आणि इमारती-शेडच्या चौकोनी नळ्यांसाठी आयएस ४९२३. शेवटच्या मानकात वायएसटी २१०, २४०, ३१० अशा ग्रेड दिसतील. तो आकडा म्हणजे किमान यील्ड, म्हणजे ज्या ताणानंतर स्टील कायमचं वाकतं तो ताण, मेगापास्कलमध्ये. खालच्या सांगाड्याला ३१० ची नळी चांगली चालते.

महाराष्ट्रात या मालाची टंचाई नाही. सीमलेस नळ्यांचे कारखाने बारामती आणि अहिल्यानगरला आहेत, ओढलेल्या वेल्डेड नळ्या शिरवळला बनतात. एक-दोन गाड्यांपुरता माल मात्र कारखान्यातून मिळत नाही, व्यापाऱ्याकडूनच घ्यावा लागतो. भोसरी-चिंचवड, कळंबोलीचा स्टील बाजार आणि मुंबईत गिरगाव-सी. पी. टँक या भागांत फिरलात की बहुतेक मापं मिळतात.

माझी निवड अशी: पिंजऱ्याला सीडीएस किंवा खात्रीची सीडीडब्ल्यू, खालच्या आणि दुय्यम नळ्यांना चांगली ईआरडब्ल्यू. सगळीकडे सीमलेसच हवी, असा आग्रह धरू नये. चांगल्या कारखान्याची ओढलेली वेल्डेड नळी जाडीच्या बाबतीत गरम बनवलेल्या सीमलेसपेक्षा अधिक एकसारखी असते. रॅलीच्या गाडीत पिंजरा बसवायचा असेल तर गोष्ट वेगळी. एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेचे नियम थंड ओढलेली सीमलेसच मागतात, किमान ३५० मेगापास्कल तन्यताबळाची, आणि मुख्य कमानीला ४५ × २.५ किंवा ५० × २.० मि.मी.

पाचवी पायरी: ग्रेड आणि माप एकत्र ठरवा

प्रत्येक स्टीलचा ताठपणा जवळपास सारखाच असतो, स्थितिस्थापकता गुणांक २०५ गिगापास्कलच्या आसपास. साध्या स्टीलची जागा क्रोमोली या मिश्रधातूच्या स्टीलने घेतली म्हणून गाडी कमी पिळत नाही. क्रोमोली कायमची वाकायला जास्त बळ लागतं, इतकंच. ताठपणा हवा तर व्यास वाढवावा लागतो.

बाजा स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत हे फार नीट बांधलेलं आहे. मुख्य नळ्यांसाठी २५ मि.मी. व्यास, ३ मि.मी. जाडी आणि कमीत कमी ०.१८ टक्के कार्बन. दुसरं माप वापरायचं तर दोन गोष्टी सिद्ध करायच्या: वाकण्याचा ताठपणा आणि वाकण्याची ताकद, दोन्ही १०१८ या ग्रेडच्या साध्या स्टीलच्या मूळ नळीइतक्या तरी हव्यात. जाडी १.५७ मि.मी.च्या खाली नको. नियम बदलत राहतात, म्हणून खरेदीआधी चालू वर्षाची पुस्तिका उघडाच.

गणित सोपं आहे. व्यासाचा चौथा घात घ्या, त्यातून आतल्या व्यासाचा चौथा घात वजा करा, पायने गुणा, ६४ ने भागा. २५ × ३ साठी हे १२,७७८ मि.मी. चतुर्घात येतं. त्याला २०५ गिगापास्कलने गुणलं की ताठपणा २,६१९ न्यूटन-मीटर वर्ग. १०१८ चं यील्ड ३६५ मेगापास्कल धरून ताकद ३७३ न्यूटन-मीटर.

आता ३१.७५ × १.६५ ची नळी घ्या. ताठपणा ३,६३३, म्हणजे मूळ नळीपेक्षा जवळपास ४० टक्के जास्त. ताकद मात्र ग्रेडवर अवलंबून. साध्या २५० यील्डच्या स्टीलमध्ये ती २७९ येते आणि नळी नापास होते. ३६५ ची असेल तर ४०७, पास. ४३५ यील्डची ४१३० क्रोमोली असेल तर ४८६, आरामात पास. एकच माप, एकच वजन, पण साध्या नळीने बनवलेला पिंजरा तपासणीत अडकेल आणि उलटल्यावर दगा देईल.

वजन काढायचं सूत्र पाठ करून ठेवा: व्यासातून जाडी वजा करा, जाडीने गुणा, ०.०२४६६ ने गुणा. मीटरमागे किलो मिळतात. २५ × ३ चे १.६३ किलो, ३१.७५ × १.६५ चे १.२२ किलो. सांगाड्यात ३० मीटर नळी लागली तर जवळपास १२ किलोंचा फरक. दहा अश्वशक्तीच्या इंजिनाला हा फरक जाणवतो.

तरीही पहिलाच सांगाडा असेल तर २५ × ३ घ्या, असं मी मनापासून सांगेन. जाड भिंत वेल्डरच्या चुका पोटात घालते. पातळ नळीचा सांधा नीट बसला नाही की भोक पडतं, ते भरताना उष्णता वाढते आणि सांध्याशेजारचं स्टील कमजोर होतं. शिवाय १.६३ च्या नळीचा सांधा ग्राइंडरने चकचकीत करायला गेलात की जाडी मर्यादेखाली जायला वेळ लागत नाही.

१०१८ बद्दल एक धोका लक्षात ठेवा. या ग्रेडमध्ये कार्बन ०.१५ ते ०.२० टक्के चालतो. म्हणजे खरीखुरी १०१८ असूनही नळी ०.१८ च्या नियमात बसणार नाही, असं होऊ शकतं. १०२० मध्ये तो ०.१८ ते ०.२३ असतो, ४१३० मध्ये ०.२८ ते ०.३३. नुसतं नाव बघून घेऊ नका, आकडा बघा.

थंड ओढण्याने मिळालेली ताकद वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळ उतरते, हेही हिशेबात धरा. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसिंग स्पर्धांच्या नियमांत साध्या स्टीलचं यील्ड ३०५ धरतात, पण वेल्ड झालेल्या जागी १८० च. म्हणून सांध्याच्या अगदी शेजारी ब्रॅकेटसाठी भोक पाडू नये आणि एकाच जागी सहा नळ्यांचा गुंता करू नये.

सहावी पायरी: दुकानात तपासणी

आमच्या पहिल्या सांगाड्याच्या वेळी बिलावर ‘सीमलेस’ लिहिलेलं होतं आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. मागची कमान वाकवताना बाकाच्या बाहेरच्या बाजूला नळी चिरली. चीर सरळ रेषेत गेली होती. तुकडा कापून आत पाहिलं तर शिवण. सगळा माल बाजूला ठेवावा लागला, तीन आठवडे गेले. मुलं रात्री जागून काम करत होती; त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून पुढच्या चार गोष्टी केल्याशिवाय मी पैसे देत नाही.

मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याचा चाचणी दाखला, मागतो आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे स्टीलच्या त्या ओतणीचा क्रमांक, नळीवर छापलेल्या किंवा गठ्ठ्याच्या बिल्ल्यावरच्या नंबरशी जुळवतो. झेरॉक्सवर वेगळा नंबर असेल तर ते सर्टिफिकेट त्या मालाचं नाही.

मग वजन. पूर्ण ६ मीटरची नळी काट्यावर ठेवायची. २५ × ३ ची असेल तर ९.७५ किलोंच्या आसपास हवी. किलोभर कमी भरली तर भिंत पातळ आहे, व्हर्नियर काहीही सांगो. व्हर्नियर फक्त टोकाशी मोजतं, काटा सगळी लांबी मोजतो.

टोक कानशीने साफ करून आत टॉर्च मारायचा. शिवण दिसली तर ती ईआरडब्ल्यू, बिल काहीही म्हणो. जाडी चार जागी मोजायची.

चौथी गोष्ट घरी येऊन. ५० मि.मी.चा तुकडा कापा, शिवण बाजूला येईल असा व्हाइसमध्ये धरा आणि हळूहळू चपटा करा. दाब वरून आणि शिवण नव्वद अंशांवर, म्हणजे सगळ्यात जास्त ताण तिच्यावरच येतो. शिवण उघडली तर तो गठ्ठा परत. पिंजऱ्याच्या नळ्यांचा एक तुकडा प्रयोगशाळेत स्पेक्ट्रो (रसायनाच्या) आणि टेन्साइल (ताणाच्या) चाचणीला द्याच. औद्योगिक वसाहतींच्या आसपास अशा प्रयोगशाळा असतात आणि स्पर्धेच्या तपासणीत तो अहवाल मागतात.

खरेदी एकाच हीटची, एकाच वेळी करा. कापायच्या लांब्यांची यादी करून ६ मीटरच्या नळ्यांत बसवा आणि दहा-पंधरा टक्के जास्त घ्या. बाकाच्या दोन्ही बाजूंना यंत्राला पकडायला नळी लागते, ती लांबी यादीत येत नाही.

सातवी पायरी: वाकवणं आणि जोडणं

नळी कशी वाकवणार हे खरेदीआधी ठरवा. शेड-फॅब्रिकेशनवाल्यांकडे असतो तो हायड्रॉलिक बेंडर पाईपच्या मापाचा, म्हणजे एक इंची फॉर्मर ३३.७ साठीचा. त्यात २५.४ ची ट्यूब घातली की ती चपटी होते. तुमच्या बाहेरच्या व्यासाचा डाय ज्याच्याकडे आहे असा रोटरी ड्रॉ बेंडरवाला आधी शोधा, आणि त्याच्याकडे असलेल्या मापाचीच नळी घ्या. बाकाची त्रिज्या नळीच्या मध्यरेषेवर व्यासाच्या तिप्पट तरी हवी. बाकात लहान व्यास भागिले मोठा व्यास ०.९ च्या खाली गेला तर तो तुकडा बाजूला टाका. एफआयएचे हे दोन निकष मी सगळीकडे लावतो. वेल्डेड नळी वाकवताना शिवण बाकाच्या बाजूला ठेवा, आत किंवा बाहेर नको. वाळू भरून गॅसवर तापवून वाकवलेली नळी पिंजऱ्यात नको.

सांध्याला नळीचं टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईला बसेल असं खोलगट कापावं लागतं. होल सॉ व्यासाच्या बरोबर मापाचा घ्या आणि फट १ मि.मी.च्या आत ठेवा. साध्या स्टीलला मिग वेल्डिंग, ०.८ ची ईआर७०एस-६ तार चांगली. ४१३० ला मी टिग पसंत करतो, ईआर७०एस-२ किंवा ईआर८०एस-डी२ सळईने. तिचा सांधा हवेत आपोआप गार होऊ द्या. पाणी किंवा ओलं फडकं लावलं तर तो ठिसूळ होतो. आधी सगळा सांगाडा टॅक करून, म्हणजे ठिपक्यांनी तात्पुरता जोडून, मापं तपासा, मग समोरासमोरचे सांधे आलटून पालटून पूर्ण करा.

दोन्ही टोकं बंद होणाऱ्या नळीला हवा जायला बारीक भोक ठेवा, नाहीतर शेवटच्या सांध्यातून गरम हवा उसळून वेल्ड फुटतो. काम झाल्यावर ते भोक बुजवा. कोकणात किंवा गोव्यात गाडी राहणार असेल तर बुजवण्याआधी आत जवसाचं तेल फिरवून निथळू द्या. जुन्या विमानांच्या नळ्यांत हेच करत. गंज आतून लागला तर बाहेरच्या रंगावरून कळत नाही.

उरलेले तुकडे भंगारात देऊ नका. प्रत्येकावर हीट नंबर आणि माप पंचाने किंवा मार्करने लिहा. तपासणीच्या दिवशी सर्टिफिकेट, प्रयोगशाळेचा अहवाल आणि तुमच्याच वेल्डरने जोडलेला एक नमुना सांधा मधोमध उभा कापून सोबत ठेवा. मूळ भिंतीपर्यंत वेल्ड किती खोल गेला आहे हे त्या कापलेल्या कडेवर उघड्या डोळ्यांनी दिसतं.